या आठवड्यात पुण्यात काय आहे?

आज आम्ही कर्जाविषयी बोलणार नाही, शेळीपालनाविषयीही नाही. आज बोलायचंय ते मौजेविषयी. हसू नका. मौज कशी शोधायची, हेही शिकावं लागतं. आम्ही शिकलो, ते आधी फजिती करून घेऊन.

आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका गटाच्या तेरा जणी. पुणं आम्हाला तसं जवळ. दिवेघाट उतरला की आलंच. पण आजवर पुण्याला गेलो ते कशाला? दवाखान्याला, कोर्टाला, भाजी घेऊन मार्केट यार्डाला आणि लग्नाचा बस्ता बांधायला. नुसतं बघायला, ऐकायला, हसायला म्हणून कोणीच गेलेलं नव्हतं. आमच्या आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या म्हणाल्या, "जत्रेतला तमाशा लांबून ऐकला. खुर्चीवर बसून नाटक कसं बघतात ते एकदा बघायचंय."

मग एकीच्या मोबाईलवर एक पोस्टर आलं. मराठी गाण्यांचा कार्यक्रम, प्रवेश मोफत, १४ तारीख, संध्याकाळी साडेपाच. आम्ही घरोघर परवानगी मागितली. दोन सुना तर पहिल्यांदाच गटाबरोबर बाहेर पडत होत्या. पोचलो तर सभागृहाला कुलूप. तिथल्या वॉचमनदादांनी पोस्टर बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे मागच्या वर्षीचं आहे." पोस्टरवर साल नव्हतंच. बारीक अक्षरात वार मात्र होता, शनिवार. आणि आम्ही गेलो त्या दिवशी होता रविवार. वर्ष बदललं की त्याच तारखेचा वार एक दिवस पुढे सरकतो, मध्ये लीप वर्षाची २९ फेब्रुवारी आली तर दोन दिवस. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं तरी कळलं असतं.

परत आलो. पारावर विचारणा झाली, "काय, झालं का गाणं?" ते सोसलं. पण त्या दोघींपैकी एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आता पुन्हा नाव काढायचं नाही." ते मात्र लागलं. चूक पोस्टरची आणि आमच्या घाईची, आणि दार बंद झालं सुनेचं.

म्हणून आम्ही एक वही केली. तिच्यात आमची पद्धत लिहिलीय, ती सांगतो.

पहिलं, बातमी कुठून घ्यायची. नाटकाच्या जाहिराती पेपरात येतात. नाटकाचं नाव, नाट्यगृह, वार, वेळ, सगळं त्यात असतं. शनिवार-रविवारचे प्रयोग जास्त, म्हणून आम्ही गुरुवारपासून पेपर बघतो. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात फुकट वाचता येतो. पेपरात 'आजचे कार्यक्रम' असा लहानसा चौकोनही असतो. व्याख्यान, कीर्तन, प्रदर्शन त्यात सापडतं आणि पुष्कळदा ते मोफत असतं.

दुसरं, खात्री. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवायचे. मग नाट्यगृहात किंवा आयोजकांना फोन करून तीन प्रश्न विचारायचे: प्रयोग नक्की आहे का, किती वाजता सुटतो, तिकीट कुठे मिळतं. ज्याला फोन लागत नाही, त्या कार्यक्रमाला आम्ही जात नाही.

तिसरं, परतीची गाडी. आधी शेवटची एसटी बघायची, मग प्रयोग निवडायचा. रात्री साडेनऊचा प्रयोग आमच्यासाठी नाही. दुपारी साडेबाराचा असला की दिवे लागायच्या आत घरी.

चौथं, पैसे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. आम्ही वेगळा डबा केला, आठवड्याला दहा रुपये. बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं. ॲपवरून काढलं तर वर आकार लागतो, खिडकीवर तो लागत नाही. एसटीत आपल्याला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत, म्हणून आक्कांचं आधार कार्ड बरोबर घ्यायचं. शहरातल्या पीएमपी बसला ही एसटीची सवलत चालत नाही, तेवढे पैसे वेगळे ठेवायचे.

एवढं करून आम्ही गेलो बालगंधर्व रंगमंदिरात, जंगली महाराज रस्त्यावर. १९६८ साली उघडलेलं हे नाट्यगृह. ज्यांच्या नावानं ते आहे, ते बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस. नाटकात बायकांनी काम करणं समाजाला चालत नसे, त्या काळात ते स्त्रीची भूमिका करत आणि त्यांच्यासारखं लुगडं नेसायला घरंदाज बायका बघत. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हणजे आमचं सोंग बाप्यानं घ्यायचं, आणि आम्ही घरात बसायचं!"

नाटक विनोदी होतं. आक्का मध्यंतरापर्यंत पदर तोंडाला लावून हसत होत्या, नंतर पदर विसरल्या. आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होतं सांगू? त्याच सासूबाई. आम्ही फोन लावताना त्यांना समोर बसवलं होतं. सगळं कानानं ऐकलं, तेव्हा म्हणाल्या, "मग मीच येते बरोबर."

पुढच्या खेपेला शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायचं ठरलंय. तिथं जुने दिवे, अडकित्ते, घरातली भांडी जपून ठेवलीत. एप्रिल-मेमध्ये टिळक रस्त्यावर वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. तीही वहीत टिपलीय.

तुमचं शहर पुणं नसेल. नाशिकला कालिदास कलामंदिर आहे, सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिर, छत्रपती संभाजीनगरला संत एकनाथ रंगमंदिर. सरकारची हौशी राज्य नाट्य स्पर्धा हिवाळ्याच्या सुमाराला अनेक शहरांत होते, तिकीट अगदी नाममात्र.

तेव्हा बायांनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते झाले, सह्या झाल्या की एक विषय वाढवा: या महिन्यात बघायला काय आहे? एकीनं पेपर बघायचा, एकीनं फोन करायचा, एकीनं गाडी विचारायची. आणि ज्या घरातून नकार येईल, त्या घरच्या मोठ्या बाईला आधी आमंत्रण द्या. आमच्याकडे तर आता सासूबाईच विचारतात, "अगं, पेपर आला का?"