पौरुष कशाला म्हणावे?



आपल्या अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह बहुतेकांनी पाहिला असेल. तलवारी, भाले, बंदुका पाहून मुले छाती फुगवतात. हत्यार म्हणजे पौरुष, ही समजूत घेऊन ती घरी येतात. हीच मुले सहलीला अजिंठ्याला गेली, तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात त्यांना बोधिसत्त्व पद्मपाणी भेटेल. चित्र सुमारे पाचव्या शतकातील. डोक्यावर मुकुट, खांदे रुंद, म्हणजे राजपुरुषच. पण हातात कमळ आणि नजर करुणेने खाली वळलेली. कोमलतेने पुरुषाला कमीपणा येतो, असे त्या चित्रकाराला वाटले नाही.

अकलेचीही अशीच वाटणी झाली आहे. संयुत्तनिकायात सोमा भिक्खुणीची कथा आहे. मार तिला हिणवतो, की ऋषींनाही कष्टाने मिळणारे पद दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कसे मिळणार? दोन बोटांची अक्कल म्हणजे भाताचे शीत दाबून पाहण्यापुरती! सोमा शांतपणे विचारते, की चित्त एकाग्र झाले, धम्म दिसू लागला, मग बाईपणाचा प्रश्न येतोच कुठे?

पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांकडे चोख हिशेब मागितला. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. हिंदू कोड बिल रखडले, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक कारण होते.

आणि आपण? आम्ही बँकेत कारकून आहोत. खाते बाईचे, अंगठा बाईचा, पण नोटा उचलतो नवरा. "तिला काय कळतंय?" म्हणून वर हसतो. मार आजही काउंटरवर उभा आहे! दुसऱ्याला कशाला नावे ठेवा? आजी वारली तेव्हा आमचा मुलगा रडू लागला, तर आम्हीच त्याला "बायकांसारखा काय रडतोस?" म्हणून दटावले. त्या दिवशी पद्मपाणी आम्हाला आठवला नाही, याची आज लाज वाटते.

आज वैशाख पौर्णिमा. व्यासपीठावरील खुर्च्यांवर आपण सगळे पुरुष, आणि मंडपामागे भगिनी खीर ढवळत आहेत. पुढच्या वर्षी पळी आम्ही हाती घेऊ, आणि हे भाषण त्यांच्यापैकी कुणी करावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय, जयभीम.