स्वस्त जेवण : विलायतेचे आणि जपानचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी मी या दिवशी स्वयंपाकघरात पोह्यांच्या परातीपाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण म्हणून नव्हे, तर ओट्याशी उभे राहून बोलतो तसे चार शब्द गोड मानून घ्या.

आमचा थोरला इंग्लंडात लीड्स शहरी एक वर्ष शिकायला होता. त्याच्यामुळे मला दोन परदेशी पदार्थांची ओळख झाली. एक विलायतेचा, टोस्टवरचे बीन्स. दुसरा जपानचा, उकळत्या पाण्यात होणाऱ्या शेवयांचा, ज्यांना आपली मुले नूडल्स म्हणतात. दोन्ही गरीब विद्यार्थ्याचे जेवण.

आधी जपानचे सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात अन्नाची फार टंचाई होती. ओसाका शहरी एक वाटी गरम शेवयांसाठी थंडीत रांगेत उभी राहिलेली माणसे मोमोफुकु आंदो नावाच्या गृहस्थांनी पाहिली आणि ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे १९५७ साली ते ज्या पतसंस्थेचे प्रमुख होते ती बुडाली. राहते घर तेवढे उरले. वय सत्तेचाळीस. या माणसाने घरामागे एक खोपटे उभारले आणि वर्षभर तिथे खटपट केली. शेवया वाफवायच्या, त्यांना रश्शाची चव द्यायची आणि मग तेलात तळायच्या. तळताना पाणी उडून जाते आणि शेवयांत बारीक छिद्रे पडतात. पुढे गरम पाणी ओतले की ते त्या छिद्रांतून आत शिरते आणि शेवया मऊ होतात. आपण कुरडया तळतो, पापड तळतो, पण हे काही आपल्या डोक्यात आले नाही! १९५८ साली त्या बाजारात आल्या. गंमत अशी की, तेव्हा त्या स्वस्त नव्हत्या. पाकीट ३५ येनांना, आणि साध्या ओल्या शेवयांचा गोळा ६ येनांना. १९७१ साली त्यांनीच पेल्यातल्या शेवया काढल्या. आपल्याकडे ‘मॅगी’ आली ती १९८३ साली.

आता विलायतेचे. पांढऱ्या घेवड्याच्या जातीचे दाणे टोमॅटोच्या गोडसर रसात शिजवून डब्यात भरतात. ते भाजलेल्या पावावर ओतले की जेवण तयार. हे डबे अमेरिकेतून १८८६ साली लंडनच्या एका मोठ्या श्रीमंती दुकानात आले, तेव्हा तीही चैनच होती. आज साध्या छापाचा डबा अर्ध्या पौंडाच्या आत येतो. तसाच सालीसकट भट्टीत भाजलेला बटाटा. मध्ये चीर देऊन त्यावर तेच बीन्स किंवा चीज घालतात. शिवाय पावात तळलेल्या बटाट्याच्या फोडी भरून खातात. म्हणजे आपल्या वडापावाची सावत्र बहीणच म्हणा. त्या लोकांनीही १९४० पासून १९५४ पर्यंत रेशन सोसले. बटाट्याला मात्र युद्धात रेशन नव्हते. तेव्हा त्यावर त्यांचा लोभ असला तर नवल नाही.

आता घरची गोष्ट सांगते. तिची मला लाज वाटते, पण सांगायलाच हवी.

मुलाच्या शिक्षणासाठी आम्ही कर्ज काढले. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. दर रविवारी फोनवर मी विचारायची, “जेवलास का?” तो म्हणायचा, “हो.” मग मी सांगायची, हप्ता किती गेला, व्याज किती, पाटल्या कधी सुटतील. त्याला पैशाची किंमत कळावी एवढाच हेतू. जानेवारीत एके दिवशी तो जिन्यात चक्कर येऊन पडला. सोबतच्या केरळच्या मुलाने आम्हांला कळवले. डॉक्टरांनी सांगितले, जागरणे आणि अपुरे अन्न. दीड महिना हा मुलगा सकाळी उपाशी राहून दोन्ही वेळा पाकिटातल्या शेवया खात होता. मी रागावले. तो हळूच म्हणाला, “आई, तू हप्ता सांगायचीस ना, मग मला दुसरे काही घ्यायला हात होत नसे.”

भगिनींनो, त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

यात आंदोंचा दोष नाही. भुकेल्याला गरम घास मिळावा म्हणूनच त्यांनी ती युक्ती काढली. जपानी लोक त्यावर अंडे फोडतात, कांद्याची पात घालतात. दोष नुसत्या पाकिटावर दिवस काढण्याचा. मैदा, तेल आणि मीठ. रस्सा सगळा प्यायला तर एका पाकिटात पाच ग्रॅमपर्यंत मीठ पोटात जाऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. अर्ध्या डबा बीन्समध्ये ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. साखर असते खरी, पण कडधान्य आहे, चोथा आहे, सोबत पाव आहे. म्हणजे आपलीच उसळ-पोळी. मी घरी करून पाहिले. हे म्हणाले, “उसळीत गूळ जास्त पडलाय!” पण ताटली पुसून खाल्ली.

मग मी फोनवर समोर दिसत असताना त्याला मुगाची खिचडी शिकवली. बीन्समध्ये कांदा, जिरे आणि तिखट घालायला त्याने स्वतःच सुरुवात केली. शेवयांचे पाकीट परीक्षेच्या रात्रीपुरते राहिले, तेही अंडे आणि कोबी घालून. खर्च फारसा वाढला नाही. धाकटीला मी बाराव्या वर्षी कणीक मळायला लावली होती. याला मात्र “तू अभ्यास कर” म्हणून पाटावरून उठू दिले नाही. ती माझी चूक.

तेव्हा माझी एवढीच विनंती. मुलगा असो वा मुलगी, घराबाहेर पाठवण्याआधी खिचडी, उसळ आणि पोळी यायला हवी. कर्जाचा हिशेब आपण नवराबायकोने करावा, तो मुलाच्या ताटात वाढू नये. आणि फोनवर “जेवलास का?” असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी “हो” असेच येते. “काय जेवलास?” असे विचारा.

 पोहे निवत असतील, तेव्हा इथेच थांबते.