आराखड्याआधी झाड





झाडांची परिषद आणि ती सोलापुरात? कोकणात नाही, महाबळेश्वरला नाही? असं काही मित्रांनी निमंत्रण मिळाल्यावर विचारलं. त्याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. इथून जवळच मंगळवेढा आहे, ज्वारीचं कोठार. तिथली रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या वेळी पेरतात आणि पुढे थंडीभर ती जमिनीतल्या ओलीवरच वाढते. एवढी ओल धरून ठेवणारी ही काळी माती मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत हात घालावा. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आकसतं. शेतकऱ्याचं पोट भरणारी ही माती घर बांधणाऱ्याची मात्र परीक्षा पाहते. माझी उमर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून या मातीवर पाये घालण्यात गेली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं 1950 च्या दशकात या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. तळाशी फुगा असलेला खांब साधारण साडेतीन मीटर खाली न्यायचा, म्हणजे ऋतूप्रमाणे ओल कमीजास्त होते त्या थराच्या खाली इमारतीचा भार उतरतो. उपाय उत्तम आहे. पण भिंतीलगत मोठं झाड असेल, तर मुळं ओल ओढून घेतात आणि माती सुकण्याची खोली आणखी वाढते. शिवाय आपल्याकडची हजारो लहान घरं अजूनही चार-पाच फुटांच्या साध्या पायावरच उभी आहेत.

हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला तो इंग्लंडनं. लंडनच्या खालची चिकणमातीही आकसणारी आहे. 1971 पासून तिथल्या घराच्या विम्यात जमीन खचण्याची जोखीम धरली जाऊ लागली, आणि 1976 मध्ये कडक अवर्षण पडलं. घरांना तडे गेले, विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली आणि ओक, पॉप्लर, विलो ही झाडं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. त्यातून पुढे जी शिस्त आली ती मला मोलाची वाटते. झाडाला दोष द्यायचा तर पुरावा द्या, अशी ती शिस्त. पायाखालचं मूळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली ते कोणत्या झाडाचं आहे ते ठरवायचं, मातीची ओल मोजायची, भिंतीच्या पातळीच्या नोंदी निरनिराळ्या ऋतूंत घ्यायच्या. उन्हाळ्यात तडा रुंदावला आणि पावसाळ्यानंतर मिटत आला, तर माती सुकते-फुगते आहे. तो मिटतच नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

आपल्याकडे असा तडा दिसला की पहिली कुऱ्हाड झाडावर पडते. हद्दवाढ भागातल्या एका बंगल्यात मी हे पाहिलं आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीच्या वरच्या टोकापासून तिरपा तडा. बाहेर दहा-बारा फुटांवर जुना कडुनिंब. कोणीतरी सांगितलं, मुळं पाया उचलताहेत, आणि झाड गेलं. वास्तविक तो कोपरा उचलला गेलेला नव्हता, खचलेला होता. झाड गेल्यावर वर्षानुवर्षं सुकलेली माती पुन्हा पाणी पिऊ लागली. दोन पावसाळ्यांनंतर स्वयंपाकघराची फरशी मधोमध फुगून वर आली, मागचं दार चौकटीत अडकू लागलं, आणि मग मला बोलावणं आलं. भिंतीवर तारीख टाकून काचेची एक पट्टी आडवी चिकटवली असती, एक वर्ष वाट पाहिली असती, न्हाणीघराची गळकी मोरी दुरुस्त केली असती, तर कदाचित कडुनिंबही राहिला असता आणि फरशीही. वर्षभराची निरीक्षणं नसताना झाड तोडायचा सल्ला देणाऱ्या माणसाला मी तज्ज्ञ मानत नाही, मग त्याची पदवी कोणतीही असो.

आता नव्या बांधकामांविषयी. आपल्याकडे प्लॉटचा नकाशा येतो तेव्हा इमारत आधी काढली जाते आणि आड येणाऱ्या झाडांवर नंतर फुल्या पडतात. ब्रिटनच्या बीएस 5837 या मानकात क्रम उलटा आहे. 2012 च्या आवृत्तीप्रमाणे जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास घ्यायचा, त्याला 12 नं गुणायचं आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं. 60 सेंटीमीटर व्यासाच्या झाडाला 7.2 मीटर. त्या वर्तुळात खोदाई नाही, वाळू-खडीचा ढीग नाही, काँक्रीटचा ट्रक नाही. झाडांची प्रतवारीही आराखड्याआधीच होते: 40 वर्षं टिकेल असं उत्तम झाड ‘ए’, 20 वर्षांचं ‘बी’, 10 वर्षांचं ‘सी’, आणि ज्याचं आयुष्य तेवढंही उरलेलं नाही ते ‘यू’. हे आकडे तिथल्या झाडांचे आणि तिथल्या मातीचे आहेत. वड, पिंपळ, चिंच आणि काळ्या रानातला कडुनिंब यांचे आकडे आपणच काढायचे आहेत, आणि इथे बसलेल्या प्राध्यापकांवर माझा तो हक्काचा आग्रह आहे.

कायदा आपल्याकडे आहे. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम 1975 चा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचं काम त्यानं वृक्ष प्राधिकरणाकडे दिलं आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याचं बंधन घातलं. म्हणजे झाडाचं वय 48 की 52 यावर आज प्रकल्पाचं भवितव्य ठरू शकतं. ते वय कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? घेर मोजणारा माणूस प्रशिक्षित नसेल, तर कायद्याचा सगळा भार एका टेपवर येतो. आणि गणनेच्या तक्त्यात जात, घेर, उंची भरली तरी पायाशी धरलेलं भूछत्र, एका बाजूनं तोडलेली मुळं, भिंतीपासूनचं अंतर ही माहिती कोणी पाहून लिहिल्याशिवाय येत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न इथेच येतो. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटल्या जातात, सगळी नजर वर असते, आणि झाड बहुधा खालून जातं. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटतात, वरचा पालवा वर्ष-दोन वर्षं हिरवागार राहतो, आणि एखाद्या वळवाच्या पावसात गुलमोहर मुळासकट रिक्षावर आडवा होतो. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवायचे, हा दुसरा घात. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आपल्या किती रस्त्यांवर तेवढी माती उघडी दिसते? दुसऱ्या बाजूनं, ढोली दिसली की झाड पाडा, हेही चूक. पोकळ बुंध्याची भिंत पुरेशी जाड असेल तर झाड दीर्घकाळ उभं राहतं. जर्मनीतल्या क्लाउस मॅथेक यांनी बुंध्यावरचे फुगवटे, कंगोरे आणि चिरा पाहून आतली स्थिती ओळखण्याची पद्धत घालून दिली. तिला सुरुवात करायला डोळे, लाकडी हातोडी आणि सराव पुरतो.

वृक्षप्रेमी तरुणांना एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. शाळेच्या फाटकावर झुकलेलं, मुळं कुजलेलं झाड काढा, असं अहवालात लिहिण्याचं धैर्य आपल्यात हवं. तसं असेल तरच, पुढच्या वेळी आपण ‘हे झाड ठेवा’ म्हणू तेव्हा बिल्डर आणि आयुक्त ते ऐकतील.

माझी मागणी एकच आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जावर वास्तुविशारदाची सही लागते, स्ट्रक्चरल इंजिनिअरची लागते. झाडं तपासणाऱ्या प्रशिक्षित माणसाची सहीही त्याच अर्जावर, त्याच दिवशी लागावी. या परिषदेनं तसा ठराव करून शासनाकडे पाठवावा.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं जेवण झालं की याच आवारातल्या कडुनिंबांचं सर्वेक्षण करायचं आहे. प्रत्येक गटात एक इंजिनिअर, एक वनस्पतिशास्त्राचा जाणकार आणि एक झाडावर चढणारा असेल. तुम्हाला दिलेल्या नकाशावर फक्त हद्द आहे, इमारत नाही. आधी झाडं आणि त्यांची वर्तुळं काढा, उरलेल्या जागेत इमारत बसवा, आणि संध्याकाळच्या सत्रात ते सगळ्यांसमोर मांडा. ऊन आहे, टोप्या आणि पाणी बरोबर घ्या.