विरळ वस्तीचा देश आणि वेगाची आगगाडी

विस्तीर्ण, पण विरळ वस्तीच्या देशानें ताशीं ३०० किलोमीटर धांवणाऱ्या आगगाडीचा खर्च अंगावर घ्यावा कीं नाहीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. असा देश म्हटला म्हणजे ऑस्ट्रेलिया प्रथम डोळ्यांपुढें येतो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७७ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. आणि लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या चौथाईहूनही कमी. एका चौरस किलोमीटरास सरासरीनें तीन-चार माणसें पडतात.

हे आंकडे ऐकतांच कोणीही विचारील कीं, जेथें माणूसच भेटत नाहीं तेथें गाडींत बसणार कोण? प्रश्न सरळ आहे. पण तो सरासरीवर उभारलेला आहे, आणि सरासरी मोठी फसवी असते. ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग ओसाड आहे खरा. परंतु तेथील बहुतेक लोक किनाऱ्यालगतच्या मोजक्या शहरांत राहतात. सिडनी आणि मेलबर्न या दोन शहरांची वस्ती प्रत्येकीं ५० लक्षांहून अधिक आहे. दोहोंच्या दरम्यान राजधानी कॅनबेरा, आणि सिडनीच्या उत्तरेस न्यूकॅसल व पुढें ब्रिस्बेन. सिडनी-मेलबर्न हा विमानमार्ग जगांतील अत्यंत गजबजलेल्या मार्गांत मोडतो. तेव्हां आगगाडीचा विचार करतांना देशाचें क्षेत्रफळ बाजूस ठेवावें, आणि दोन शहरांमधील अंतर व त्यांच्यांतील ये-जा मोजावी, हेंच योग्य.

स्पेनचें उदाहरण पाहा. माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यांत सुमारें ६२० किलोमीटर रूळमार्ग आहे. वाटेंतील मुलूख बराचसा उजाड. मध्यें मोठें शहर म्हणावें तर एक सारागोसा. २००८ सालीं तेथील वेगवान मार्ग पुरा झाला, प्रवास अडीच तासांवर आला, आणि विमानानें जाणारे निम्म्याहून अधिक लोक आगगाडीकडे वळले. प्रवास तीन तासांच्या आंत उरकला कीं आगगाडी विमानास हटविते. कारण ती शहराच्या मध्यावरून निघते व शहराच्या मध्यावर पोंचते.

हेंच माप लावलें म्हणजे पर्थ आपोआप बाद होतें. सिडनीपासून पर्थपर्यंत रूळमार्ग ४,३५२ किलोमीटर. तेथें कोठेंही न थांबतां ताशीं ३०० किलोमीटर धांवलें तरी चौदा तासांहून अधिक लागतील. तेथें विमानच खरें. पण सिडनी-मेलबर्नची गोष्ट निराळी. सुमारें ९६० किलोमीटरच्या या वाटेस गाडी अकरा तासांच्या आसपास घेते. गाडींत ताशीं १६० किलोमीटर धांवण्याची ताकद आहे. परंतु रूळ एकोणिसाव्या शतकांत डोंगरांना वळसे घालीत टाकलेले आहेत, आणि त्या वळणांत तिची ताकद वायां जाते.

ही उणीव तेथील विचारवंतांना फार पूर्वीं दिसली. १९८४ सालीं पॉल वाइल्ड या शास्त्रज्ञांनीं वेगवान गाडीची योजना पुढें मांडली. तिच्यासाठीं खाजगी कंपन्या एकत्र आल्या. पण करांत सवलत मिळेना, म्हणून १९९१ सालीं ती बारगळली. सिडनी-कॅनबेराची दुसरी योजना सरकारनें २००० सालीं सोडून दिली. मग २०१३ सालीं सरकारी अहवाल निघाला. ब्रिस्बेन ते मेलबर्न १,७४८ किलोमीटरचा मार्ग. सिडनीहून मेलबर्न २ तास ४४ मिनिटांत. खर्च २०१२ च्या भावानें ११४ अब्ज डॉलर. त्या काळच्या लोकसंख्येनें भागलें तर दर माणशीं सुमारें ५,००० डॉलर पडतात. बांधणीचा बहुतेक भार सरकारनेंच उचलावा लागेल, हेंही अहवालांत स्पष्ट होतें. ज्या पर्थच्या करदात्यास या गाडीचें धूडही दिसावयाचें नाहीं, त्यानें हे पैसे कां द्यावे, हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा खचित नाहीं.

पण श्रोतेहो, या खर्चाची फोड पाहण्यासारखी आहे. त्या योजनेंत १४४ किलोमीटर बोगदे होते, आणि त्यांतला मोठा वांटा सिडनी शहरांत शिरण्यासाठीं व तेथून बाहेर पडण्यासाठीं होता. म्हणजे पैसा माळरानावर कमी आणि दाट वस्तीखालीं अधिक जातो. मोकळ्या मुलखांत रूळ सरळ टाकतां येतो. शहरांत इंचाइंचास किंमत मोजावी लागते. विरळ वस्ती ही अडचण समजली जाते. प्रत्यक्षांत अडचण आहे ती दाटीची!

तोडगा मला जुन्या रुळांच्या इतिहासांत दिसतो. १८८३ सालीं सिडनी व मेलबर्न यांचे मार्ग ऑल्बरी येथें भिडले; पण एका वसाहतीचा रूळ ४ फूट ८॥ इंच रुंद, दुसरीचा ५ फूट ३ इंच. १९६२ पर्यंत उतारूंना तेथें सामानसुमान घेऊन गाडी बदलावी लागे. मनमाड व मिरज येथें आपल्या वडील पिढीनें हा त्रास भोगला आहे. आज मात्र सिडनी-मेलबर्न सारा मार्ग ४ फूट ८॥ इंचांचा आहे, आणि जगांतील बहुतेक वेगवान गाड्याही याच मापाच्या. त्यामुळें नवा मार्ग तुकड्यातुकड्यांनीं बांधून, योग्य गाड्या घेतल्यास, जुन्या मार्गाशीं जोडतां येईल. मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरच्या नव्या मार्गास ही सोय नाहीं. आपले जुने रूळ ५ फूट ६ इंचांचे असल्यामुळें तो स्वतंत्रच राहणार.

म्हणून माझें मत असें कीं, ऑस्ट्रेलियानें अवघी योजना एकदम हातीं घेऊं नये, आणि वस्ती विरळ म्हणून ती टाकूंही नये. २०२३ सालीं तेथें वेगवान रेल्वेसाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. आरंभास सिडनी-न्यूकॅसल हा टप्पा निवडला गेला. अंतर सुमारें १६० किलोमीटर, आणि आज लागणारा वेळ अडीच तास. वाटेंत खडकाळ डोंगर व हॉक्सबरी नदी, तेव्हां हा टप्पा स्वस्त मुळींच नाहीं. परंतु येथें रोज कामासाठीं ये-जा करणारी माणसें आहेत. हा प्रवास तासावर आला तर न्यूकॅसलला घर करून सिडनींत नोकरी करतां येईल, आणि सिडनींतील घरांच्या किमतींनीं गांजलेल्या कुटुंबांस दुसरी वाट सांपडेल. हा लाभ हातीं लागला म्हणजे पुढील टप्प्याचा हिशेब अनुभवावर करतां येईल. न लागला तर ११४ अब्जांची उडी वांचली, असें म्हणतां येईल. आजवर अहवाल उदंड झाले. आतां एका टप्प्याचे रूळ पडणें अधिक अगत्याचें आहे.