हाडांचे दुखणे आणि आपले मौन



मी डॉक्टर नाही, गिरणीतला कामगार आहे. पण घरात घडले ते सांगतो. माझी मोठी बहीण दोन वर्षे पाठ दुखते म्हणायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, कापूस वेचून पाठ गेली. एक दिवस ओट्यावर पाय घसरला आणि मनगट मोडले. डॉक्टरांनी विचारले, "पाळी कधी बंद झाली?" ती माझ्याकडे बघून गप्प! सभेत तासभर बोलणारा मी, माझीही मान खाली गेली. मी बाहेर गेलो तेव्हा ती बोलली. पस्तिशीतच पिशवी काढलेली, अंडाशयांसकट. मला पत्ताच नव्हता.

पाळी बंद झाली की शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे झपाट्याने झिजतात. अंडाशये काढली तर हे लवकरच सुरू होते. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे हा प्रश्न एका बहिणीचा नाही.

म्हणून भगिनींनो, डॉक्टरांना सगळे सांगा. पाळी कधी गेली, ऑपरेशन कोणते झाले, आधी हाड मोडले का, आईचा खुबा मोडला होता का, मिश्री-तंबाखू चालते का. आणि विचाराही : डेक्सा तपासणी लागेल का? कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किती घ्यायचे? औषध किती वर्षे? आठवड्याची गोळी दिली तर ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल, दात काढायचा असेल, तर आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका, मनाने वर्षानुवर्षे चालूही ठेवू नका.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने केली, आणि रुग्णाने आपले दुखणे खरे सांगावे असेही शिकवले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीची बाजू मांडली. ते भर सभागृहात बोलले, अन् आपण घरात लाजतो!

बंधूंनो, बाईला दवाखान्यात न्या. पण तिच्या वतीने उत्तरे देऊ नका. तिला बोलू द्या. गरज पडली तर बाहेर थांबा. मी हे उशिरा शिकलो.

नमो बुद्धाय! जय भीम!