आकाशाचे राखणदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांनी क्षेपणास्त्रांवर काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. पण 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा त्या यादीत आपल्या नाशिकचेही नाव होते. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याची शाळा. शत्रूच्या नजरेतून आपले गाव सुटेल कसे? तेव्हा हा विषय आपला आहे.

शत्रूच्या विमानाला वाटेतच गाठणारे ‘आकाश’ हे क्षेपणास्त्र आपल्याच शास्त्रज्ञांनी घडवले. 1983 साली डॉ. अब्दुल कलामांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या योजनेतले ते एक. सुमारे 25 किलोमीटरपर्यंत त्याचा मारा. 2017 साली महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला; तो याच क्षेपणास्त्राविषयी असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. नोव्हेंबर 2014 पर्यंत आलेल्या 80 क्षेपणास्त्रांपैकी 20 उडवून पाहिली, त्यांतली 6 नापास झाली. म्हणजे दहांत तीन! शिवाय ठरलेल्या सहा ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी ती बसवली गेली नव्हती. पैसे मात्र बहुतेक चुकते झाले होते.

काडेपेटीतली काडी सर्दलेली आहे की कोरडी, हे ओढल्यावाचून कळत नाही. आणि ओढली की ती संपली. क्षेपणास्त्राचेही तसेच. भाताचे एक शीत चेपून भागते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजतो. क्षेपणास्त्रे मात्र खेपेखेपेने तयार होतात. म्हणून प्रत्येक खेपेतला नमुना उडवून पाहिला पाहिजे, आणि तो उतरल्यावरच पैसे मोजले पाहिजेत. त्यांनाही मुदत असते. नीट जागी ठेवली नाहीत तर तीही सर्दतात.

मग परदेशी माल घ्यावा का? ऑक्टोबर 2018 मध्ये रशियाशी ‘एस-400’च्या पाच पथकांचा करार झाला. डिसेंबर 2021 मध्ये माल येऊ लागला. पुढे 2022 साली रशिया आणि युक्रेनचे युद्ध पेटले, आणि मे 2025 मध्ये आपल्यावर प्रसंग आला तेव्हा तीनच पथके हाती होती. दुसऱ्याच्या चुलीवर आपले आधण ठेवले की त्याच्या सवडीने जेवावे लागते. त्या प्रसंगी ‘आकाश’ही कामी आले, असे सरकारने सांगितले. आनंदाची गोष्ट! पण दोष सांगितल्याने शस्त्र दुबळे होत नाही, झाकल्याने होते.

1962 च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतरावजी चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि 1963 साली नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवले. त्या काळी बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. आज आपण दागिने देत नाही. पण साबणाच्या वडीवरसुद्धा कर भरतो. सोने देणाऱ्या हातांना हिशेब विचारण्याचाही हक्क आहे.

तेव्हा भगिनींनो, मते मागायला कोणी दारी आले, तर रस्ता आणि नळाबरोबर एवढे जरूर विचारा: माल वेळेवर आला का? उडवून पाहिला का? नीट ठेवला का? असे विचारणे हीही देशसेवाच आहे.