पदर उलटा करून बघा

गेल्या महिन्यात आम्ही कोपरीच्या दहाबाराजणी येवल्याला जाऊन आलो. ठाण्याहून गाडीने मनमाड, पुढे एसटी. निमित्त अर्थात टीव्हीवरचा ‘होम मिनिस्टर’. २००४ पासून अठरा वर्षं त्यातले भावोजी दारोदार पैठणी घेऊन आले, २०२२ च्या ‘महामिनिस्टर’मध्ये तर ती ११ लाखांची झाली. येवल्याच्या दुकानांत टीव्हीवरची पैठणी मागत अजून बायका येतात. आम्हीही तशाच एका दुकानात गादीवर बसलो. पदर खांद्यावर टाकले, आरशात पाहिलं, फोटो काढले. उलटा करून मात्र एकीनेही पाहिला नाही!

अहो, तव्यावरची भाकरी आपण वरूनच बघून टोपलीत टाकतो का? उलटतो, पापुद्रा सुटला का बघतो, खालून कच्ची राहिली तर पुन्हा विस्तवावर धरतो. दहा रुपयांच्या भाकरीला एवढी पारख, मग हजारोंच्या पदराला का नको?

दुकानामागच्या खोलीत माग होता. एक मुलगा आसावलीचा वेल भरत होता. रंगागणिक वेगळी कांडी, दोन रंग भेटले की धागा धाग्यात अडकवायचा. तासभर उभ्या होतो, वेल दोन बोटंही सरकला नाही. असा विणलेला मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रमागावर धागे पाठीमागून ओढत नेतात आणि मग कापतात, म्हणून उलट्या बाजूला सुटे धागे, कापलेली टोकं दिसतात. यंत्रमागाची घेऊ नका असं मी म्हणत नाही. खुशाल घ्या, छान दिसते. पण तिला हातमागाचे पैसे मोजू नका, कारण ते त्या मुलाच्या बोटांचे पैसे आहेत.

२०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, हातमागाचं सरकारी चिन्हही असतं, तेही मागून घ्या. पण आधी पदर उलटा. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून संकोचू नका. खरी पैठणी असेल तर तो स्वतःच उलटून दाखवतो, आम्हाला दाखवली.

जरीचं सांगायचं राहूनच गेलं. नारळी काठाची जर कशी बघायची, ते... इथे स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याची खूण होते आहे. बरं, जरीचं पुन्हा कधीतरी. आज कपाट उघडाल तेव्हा लग्नातली पैठणी बाहेर काढा, आणि पदर आधी उलट्या बाजूने उलगडा.